बावीस डोहांची वही

१४ एप्रिल

ही वही हातात येऊन आज एकोणीस दिवस झाले आणि पहिली ओळ मी आत्ता लिहितेय. पहिल्या दिवशी पेन सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी पेन सापडलं तर वही सापडेना. मग दोन्ही सापडली, तर खिडकीखालून एक माणूस सायकलवर भला मोठा आरसा घेऊन चालला होता, तो बघत बसले. आरशात अख्खा रस्ता उलटा चालत होता. शाळेतल्या बाई म्हणायच्या, या मुलीच्या पायाला भिंगरी आहे ते आहेच, डोक्यालाही आहे.

वही चष्मेकाकांनी दिली. पुढून ती त्यांची: कुठला डोह, पाणी किती, काय लागलं. मी मागून उघडून स्वतःचं लिहितेय. पुढची पानं ते रोज बघणार. मागची बघणार नाहीत, तसा माणूस नाही तो.

चष्मेकाका म्हणजे ज्यांच्या माडीवर मी राहते ते. खाली त्यांचं चष्म्याचं दुकान, काचा घासायची दोन यंत्रं. वर तीन खोल्या. मी या गावात नुसती गाडी बदलायला उतरले होते. पुढच्या गाडीला तीन तास होते म्हणून पुलावर गेले. खाली काठावर हे सत्तरीचे गृहस्थ एका लांब काठीने हवेत दोर फिरवत होते. पाण्यात टाकतच नव्हते. दोर पुढे जायचा, मागे जायचा, मागे गेला की हवेत क्षणभर थांबायचा. मी वरून ओरडले, "काका, मासे पाण्यात असतात!"

ते वर न बघता म्हणाले, "पायात दम आहे का तुझ्या?"

त्यांच्या हृदयामुळे डॉक्टरांनी त्यांना नदी बंद केलीय. घोट्याएवढ्या पाण्यातही उतरायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणून आमचं असं ठरलं: खोली माझी, शिकवणी फुकट, मासे माझे. बदल्यात ते सांगतील त्या डोहात, ते सांगतील तसा गळ टाकायचा आणि वही भरायची. पुलापासून खाली त्यांनी बावीस डोह धरलेत. आठ त्यांनी स्वतः केले. नवव्यापासून मी.

माझी गाडी गेली. रोज एक जाते.

१६ एप्रिल

सराव पहिल्या डोहावर, तिथे पाणी उथळ आहे. गळाला गांडूळ नाही, पीठ नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन नसतं, म्हणून फेकायचा असतो तो दोर. माशी नुसती त्याच्या मागून जाते. काका दगडावर बसून घड्याळ सांगतात, काठी म्हणजे काटा. काठी दहावर. आता एकवर. थांब. दोर मागे सरळ होऊ दे. आता परत दहावर.

मला ते मधलं थांबणं जमत नाही. दोर सरळ व्हायच्या आत मी पुढे ओढते, मग चाबकासारखा आवाज होतो आणि माशी तुटते. आज तीन तुटल्या, दोन झाडाला लागल्या, एक माझ्या कानाला.

"थांबायचं कधी कळणार तुला?"

"काका, थांबता आलं असतं तर मी या गावात असते का?"

"तेही खरंच. मग निदान मोज. मनात एक म्हण आणि मग ओढ."

घरी ताईने कानातला गळ चिमट्याने काढला. ताई म्हणजे काकांची मुलगी, चाळिशीची, दवाखान्यात एक्स-रे काढते आणि माणसांकडेही तशीच बघते. "बाबांना आज मोठा मासा लागला," म्हणाली. हसली नाही. या घरात कोणीच फार हसत नाही. हसलेला माणूस लगेच दाराकडे बघतो.

२० एप्रिल

माशा बांधायला शिकले. काका डोळ्याला भिंग लावतात, छोट्या चिमट्यात गळ पकडतात आणि कोंबडीच्या पिसाचे फेरे त्यावर घालतात. आधी नदीतला दगड उलटा करून दाखवला. खाली सहा पायांचे किडे, पाणबुडे, उजेड लागताच पळाले. आज मासे हे खातायत, म्हणून आज माशी अशी बांधायची. उद्या दुसरं खातील तर दुसरी.

"मासा उपाशी नसतो," काका म्हणाले, "संशयी असतो. आपण चुकलो की त्याला आपल्या आधी कळतं."

माझी पहिली माशी ताईने बघितली आणि विचारलं, "हे झुरळ मेलेलं आहे की नुसतं आजारी?"

काकांनी त्यांचे नदीचे बूट मला दिले. तळाला जाड हिरवी फेल्ट म्हणजे दाबलेली लोकर, काच घासायच्या यंत्राची जुनी गादी कापून पितळी खिळ्यांनी ठोकलेली. शेवाळावरून पाय सटकत नाही. काकांचं डोकं भारी. पण बूट मला दोन बोटं लहान. माझे पाय राक्षसाचे. आई म्हणायची, तुझ्या चपलेत मांजर विऊ शकेल.

२६ एप्रिल

नववा डोह. काकांनी दिलेल्या माशीला शिशाची गोळी होती. मी म्हटलं, माशी पाण्यावर तरंगायची ना? म्हणाले, "ती माशाला. ही तळाला. आधी तळ कळू दे." तर तीन तास मी त्या शिशाने डोहाचा तळ विंचरला, हाताहाताच्या अंतराने, या काठापासून त्या काठापर्यंत. लागलं काय? एक फांदी, एक पोतं, पोत्यात वाळू. मासा एकही नाही. भिजून, करवादून घरी आले. पुढच्या पानावर लिहिलं: रिकामा.

काकांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला! निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण केली, माझ्या पाठीवर थाप मारली, "शाबास!" मी मासे न पकडण्यात हुशार आहे हे मला माहीत होतं, पण त्याची शाबासकी पहिल्यांदाच मिळाली.

२८ एप्रिल

पायाला फोड आलेत. दहावा डोह करायचा होता पण आधी पहिल्यावर थोडा हात साफ करावा म्हटलं. तिथे एक खंड्या पाण्याला चिकटून सरळ रेघेत उडाला, निळा, आणि पलीकडे गेला. मी त्याच्या मागे. पाणी कमी होतं, मधे छातीपर्यंतच आलं.

पलीकडे जुनं पंपघर आहे. आपल्या काठावरून त्याच्या दाराला गंजकं कुलूप दिसतं. मागून जाऊन बघते तर मागची भिंतच पडलेली. आत खंड्या नव्हता. भिंतीत उंच एक खिळा होता आणि खिळ्याला नदीचे बूट टांगलेले, नाड्या एकमेकींना बांधून. आत पेपरचे बोळे कोंबलेले, आकार जाऊ नये म्हणून. उंदरांनी थोडे कुरतडले होते. घालून बघितले. माझ्या मापाचे! आयुष्यात पहिल्यांदा कुणाचे तरी बूट मला झाले. तळाला तीच हिरवी फेल्ट. इथले सगळे काकांकडूनच तळ ठोकून घेत असतील.

धुळीवरून वाटलं की मालकाला गरज नसावी. घेतले. काकांना सांगितलं नाही, त्यांना वाटायचं मी त्यांच्या बुटांना नावं ठेवतेय. पुलाखाली दगडांत लपवून ठेवलेत. घरून काकांचे घालून निघायचं, पुलाखाली बदलायचे. लग्नाला निघालेल्या बायकांची कशी एक साडी घरातून निघतानाची आणि एक मांडवातली.

दहावा राहिला. उद्या.

२ मे

मासा! खरा, माशीने पकडलेला. तळाचं काम संपल्यावर अकराव्याच्या शेपटाला, जिथे पाणी परत पळायला लागतं, तिथे वरची माशी टाकली. मनात एक म्हटलं. दोर सरळ झाला, पुढे गेला, माशी उतरली, आणि खालून एक तोंड आलं आणि ती घेऊन गेलं. काठी जिवंत झाली. मी ओरडत होते आणि ऐकायला कोणी नव्हतं. वीतभर, अंगावर लाल ठिपके.

पळत घरी नेला. ताई स्वयंपाकघरात होती. म्हटलं, "ताई, तुमच्यासाठी."

"मी या नदीतलं काही खात नाही," ती म्हणाली. मग मी तशीच मासा धरून उभी राहिले म्हणून बहुतेक तिने सांगितलं. काका खाली दुकानात होते, तरी हळू बोलत होती.

तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षं झाली. काकांनीच त्याला ही काठी शिकवली, आणि तो काकांच्या पुढे गेला. काकांना तो दुकानात हवा होता. त्याला बाहेर पडायचं होतं. कुठे, ते त्यालाही माहीत नव्हतं. "तुझ्यासारखाच," ताई म्हणाली. एका सकाळी जुंपली. काका म्हणाले, "माझ्या काठीने मासे मारायचे आणि माझ्याच दुकानाला नाक मुरडायचं? काठी ठेव आणि चालता हो. मी मेलो तरी तोंड दाखवू नकोस." दुपारी काठी पहिल्या डोहाशी सापडली, दगडाला टेकवून ठेवलेली. टोपी खाली सातव्यात तरंगत होती. पोलिसांनी चार दिवस पाणी ढवळलं आणि कागद केला: बुडाला.

"बाबा मानत नाहीत. म्हणतात, नदी कधी ना कधी देते. बावीसच्या बावीस डोह रिकामे निघाले तर तो पाण्यात नाही. पाण्यात नाही म्हणजे कुठेतरी आहे. कुठेतरी आहे म्हणजे येईल."

"आला तर?"

"तर ते वाक्य परत घ्यायचंय त्यांना. एवढंच. त्यासाठी जगतायत."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, बावीस झाले की बाबांना तेविसावा डोह सापडेल."

म्हणजे रिकामा डोह ही चांगली बातमी. म्हणजे गेले आठ दिवस मी शिशाने तळ विंचरतेय तो... हात धुतले. परत धुतले. तेव्हा मनात अजून काहीतरी येत होतं, त्या पंपघराचं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ओटा पुसता पुसता ते निघून गेलं.

३ मे

निघून जावं का? गाडी साडेचारची. पिशवी भरली. मग काका वर आले आणि म्हणाले, "बाराव्याला डाव्या हाताला एक कपार आहे, तिथे जपून." पिशवी रिकामी केली.

९ मे

बारा रिकामा. तेरा रिकामा. काका जेवताना शीळ घालतात. ताई म्हणाली, "बाबा, ताटावर?" तर म्हणाले, "नऊच राहिले!" त्यांनी दुकानात मुलाच्या मापाची जुनी चष्म्याची फ्रेम काढून पुसून ठेवलीय. आल्यावर नंबर वाढला असेल म्हणाले.

१२ मे

चौदावा डोह. चिखलाचा. कडेला एक पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत आत. ओढायला गेले तर पाय आला, बूट नाही आला. हात खांद्यापर्यंत घालून शोधला. चिखलाने गिळून ढेकर दिला. एका बुटाने, लंगडत, शिव्या देत पुलापर्यंत आले. उरलेला उजवा पिशवीत घालून खोलीवर आणला, खाटेखाली ढकलला. का आणला? टाकवेना. माझ्या मापाचा होता.

चौदाव्याचा निम्मा तळ तपासायचाच राहिला. पुढे लिहिलं: रिकामा. हे चांगलं नाही केलं. उद्या परत जाऊन करेन.

१५ मे

उद्या.

२१ मे

वरच्या धरणातून पाणी सोडलंय. नदी लाल आणि आडवी झालीय, पुलाच्या कमानीला झाडं अडकलीत. चार दिवस मासेमारी बंद. काका दुकानाच्या दारात उभे राहून नदीचा आवाज ऐकतात. मी वीस माशा बांधल्या. आता त्या झुरळासारख्या दिसत नाहीत, ताईने कबूल केलं.

२४ मे

हे लिहायला हात उचलत नाहीये.

पाणी उतरलं. सकाळी जाळेवाला आला. तो खाली जाळं लावतो, सतराव्याच्या जवळ, काकांना भेटला की नेहमी म्हणतो, "तुम्ही नाचवा काठी, मी पोट भरतो." आज सरळ आत आला. दुकानाच्या काउंटरवर ओलं फडकं ठेवलं आणि उलगडलं. बूट. डावा. चिखलाने भरलेला, नाडी तुटलेली.

काकांनी तो उलटा केला. अंगठ्याने चिखल पुसला. हिरवी फेल्ट, पितळी खिळे.

"नऊ खिळे," काका म्हणाले. "त्याचा पाय मोठा, म्हणून त्याला नऊ लागायचे. माझ्याला सात." मग म्हणाले, "हेच घालून गेला होता तो."

"कुठे लागला?" ताईने विचारलं.

"सतराव्याला," जाळेवाला म्हणाला. "झाडाच्या मुळात. बाकी... बाकी काही नव्हतं, बघितलं मी."

काका भिंग लावून बराच वेळ खिळे बघत राहिले. मग वर आले, ही वही घेतली (मी जिन्यात होते, मागून उघडतात की काय), पुढून उघडली आणि सतराव्यापुढे स्वतःच्या हाताने लिहिलं: सापडला. निळी खूण केली नाही. पेन्सिल मला परत दिली. "दमवलं पोरी तुला," म्हणाले.

मी त्या माणसाचे बूट घालून फिरत होते. चोरी ती चोरी, आणि वर मेलेल्याची. तो बूट पाण्यात मी घालवला, बारा दिवसांपूर्वी. हे मला सांगायला हवं होतं, तिथेच, जिन्यात. तोंड उघडलं होतं. तेव्हा ताई खाली मोठ्याने रडायला लागली.

२५ मे

सांगायचं ठरवून खाली गेले. ताई एकटी होती, डोळे सुजलेले, पण खांदे उतरलेले, ओझं ठेवल्यासारखे. म्हणाली, "बरं झालं गं. दोन वर्षं मला नीट रडताच आलं नव्हतं. आता बाबा डोह तरी मोजणार नाहीत." मग माझ्या केसांवरून हात फिरवला. पहिल्यांदा.

आता कसं सांगू? सांगितलं तर मी चोर, खोटारडी, आणि हे दोघं परत तिथेच, चौदाव्या डोहावर. न सांगितलं तर निदान संपलं. मेलेला माणूस मेलेला राहतो. खोटं त्याला काय करणार?

उजवा बूट अजून खाटेखाली आहे. रात्री कुशीवर वळले की त्याचा वास येतो.

२६ मे

काका दुकान उघडत नाहीत. जेवायला बसतात, घास हातात धरतात, विसरतात. ती पुसून ठेवलेली फ्रेम कागदात गुंडाळून ठेवली. मला म्हणाले, "मी त्याला म्हटलं काठी ठेव. त्याने ठेवली बघ. दगडाला नीट टेकवून. माझं ऐकलं त्याने."

उद्या सांगणार. सकाळी, चहाच्या आधी. देवाशपथ.

२७ मे

सकाळी काकांचे बूट जागेवर नव्हते.

जाळेवाल्याने त्यांना सतराव्यातून आणलं. छातीभर पाण्यात उभे होते, काठी नाही, गळ नाही, नुसत्या हातांनी मुळांत चाचपत. किती वेळ, कोण जाणे. ओठ काळे. जाळेवाला म्हणाला, "मी हाक मारली तर म्हणाले, थांब रे, एक बूट मिळाला म्हणजे तो इथेच असणार."

डॉक्टर आले. छातीत पाणी भरतंय. या वयात, या हृदयाला, म्हणाले आणि वाक्य तिथेच ठेवलं.

२८ मे

ताई दवाखान्याचं यंत्र घरी आणू शकत नाही म्हणून स्वतःचे हात चोळत बसते. मी त्यांच्याजवळ असते. ते शुद्धीत येतात, जातात. आले की नदीचं बोलतात. पाणी उतरलं का? कुठल्या माशीला लागतंय?

सांगायला चार वेळा तोंड उघडलं. एकदा ताई आली. एकदा डॉक्टर. एकदा त्यांनी पाणी मागितलं. चौथ्यांदा काहीच झालं नाही, कोणी आलं नाही, आणि मी म्हणाले, "काका, पिसं संपलीत, आणू का?"

मग मी एक केलं. ही वही मागची बाजू वर करून, १२ मेचं पान उघडं ठेवून, त्यांच्या उशाशी ठेवली. तोंडाने नाही होत तर नाही. वाचतील. मारतील तर मारतील. तासाभराने आले. काका जागे होते. वही मिटलेली, सुलटी करून, कडा उशीच्या कडेला नीट लावून ठेवलेली. "तुझी बाजू उघडी पडली होती," म्हणाले. "मी नाही हं वाचली."

३० मे

दुपारी, तीनच्या सुमारास. ताई एका बाजूला, मी दुसऱ्या. शेवटी मी वाकून कानात सगळं सांगितलं, बूट, चिखल, पंपघर, सगळं, भराभर. ताई तेव्हा औषधाचा चमचा धुवायला गेली होती. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्यावर नव्हते. काही कळलं की नाही, माहीत नाही. उजव्या हाताची बोटं थोडी हलली. पेन्सिल धरतात तशी. की मी तसं धरून चाललेय.

ताई परत आली तेव्हा खोलीत दोघीच होतो.

३१ मे

काकांना पोचवून आलो. जाळेवाला आला होता, दुकानांची रांग अर्धा दिवस बंद होती. कुणीतरी म्हणालं, बापलेक दोघांना नदीने नेलं. ताईने मान हलवली. पेपरमध्ये काका गेल्याच्या चार ओळी द्यायला तिने मलाच पाठवलं. चार ओळी देऊन मी तासभर त्या छापखान्याचं यंत्र बघत उभी राहिले. स्वतःची लाज वाटते.

३ जून

सांगितलं. ताईला. ती काकांचे कपडे घड्या घालत होती. मी उजवा बूट खाटेखालून काढला आणि तिच्यासमोर ठेवला, कारण तोंडाने सुरुवात होईना. नऊ खिळे.

सगळं ऐकून ती ओरडेल असं वाटलं होतं. मी पिशवी आधीच भरून ठेवली होती. ती ओरडली नाही. बुटात हात घातला. टोकाशी अजून कागदाचा बोळा होता, मी तो कधी काढलाच नव्हता. तिने तो बाहेर काढला.

"हे तू भरलेस?"

"नाही. होतेच. उंदरांनी कुरतडले होते थोडे."

"आणि टांगलेले होते. खिळ्याला."

"हो. नाड्या बांधून. उंच."

"पलीकडच्या काठाला."

"हो."

एक्स-रेकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, जमिनीवरच, काकांच्या कपड्यांवर. "बुडालेला माणूस," ती म्हणाली, "बूट वाळत घालतो का गं?"

मी बूट उचलले तेव्हा हे का दिसलं नाही? खंड्या दिसला. खिळा दिसला. माझं माप दिसलं.

"बाबांना सांगितलंस?"

"शेवटी. कानात."

"ऐकलं त्यांनी?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं. मग म्हटलं, "माहीत नाही."

"जा तू," ती म्हणाली. रागाने नाही. "आज नको. पण जा."

६ जून

ताई कामावर गेली. त्या दिवसापासून माझ्याशी गरजेपुरतं बोलते. आज साडेचारची गाडी नक्की. जाण्याआधी चौदाव्यावर गेले आणि राहिलेला निम्मा तळ केला, हाताहाताने, काठापर्यंत. मनात एक म्हणत, थांबत. आता जमतं. चार तास. पुढच्या पानावर "रिकामा"च्या खाली परत लिहिलं: रिकामा. निळी खूण मीच केली.

परत येऊन पिशवी बांधत होते तर खाली दुकानाची घंटी वाजली. म्हटलं गिऱ्हाईक असेल, दुकान बंद आहे सांगावं. उतरले.

दारात एक उंच माणूस उभा होता, पाठीला पिशवी, हातात पेपरचं घडी घातलेलं पान. उंबऱ्याच्या बाहेर. चष्म्याची एक काच तडकलेली. मी आधी पाय बघितले. माझ्याएवढे.

त्याने मला विचारलं नाही मी कोण. दुकानातल्या काचा घासायच्या यंत्रांकडे बघत होता, एकेका यंत्राकडे. मग म्हणाला, "तीन दिवस झाले येऊन. पुलापलीकडे थांबलो होतो. नेलं ना त्यांना, नक्की? म्हणजे माझं तोंड दिसायला आता घरात कुठे नाहीत ना ते?"

मी म्हटलं, "नाहीत."

"मग आत आलो तर चालेल?"

मी त्याला बसायला सांगितलं आणि वही आणते म्हणून वर आलेय. ताईला यायला अजून तास आहे. तो बसलेला नाही. उंबऱ्यातच उभा आहे, इथून त्याची सावली दिसते. वही घेऊन मी आता खाली जातेय, मागची बाजू वर करून.